हॉलच्या कोऱ्या भिंतीवर खोलपणाचा भास निर्माण करणारे चित्र काढून घ्यावे का?

लालबागकर (प्रश्न)

नमस्कार.

लालबागमधील आमच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही राहायला आलो, तेव्हा घरातल्या घरात न्हाणीघर आणि स्वतंत्र स्वयंपाकघर मिळाल्याचा आनंद इतका होता की हॉलची रचना बारकाईने पाहण्याचे कोणाला सुचलेच नाही. आता रोजच्या वावरात ती खटकू लागली आहे. हॉल 10 फूट रुंद आणि 14 फूट लांब आहे. दार उघडून आत आले की समोर 10 फुटांची कोरी भिंत येते, जिच्यामागे आमचेच न्हाणीघर आहे. एकुलती एक खिडकी डाव्या हाताच्या लांब भिंतीत असून तिच्यासमोर शेजारच्या टॉवरचे पार्किंगचे मजले येतात. आतल्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज 3 फूट रुंदीचा आहे आणि तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो.

समोरच्या भिंतीवर खोलपणाचा भास निर्माण करणारे चित्र काढून घ्यावे, असे माझ्या मनात आहे. एका भित्तिचित्रकाराने संगणकावर तयार केलेला नमुना मोबाइलवर पाठवला आहे. त्यात भिंतीच्या जागी दगडी खांबांचा सज्जा, कठड्यापलीकडे माडांची रांग आणि त्यापलीकडे समुद्र दाखवला आहे. पॅसेजच्या टोकाला एकामागे एक जाणाऱ्या कमानी आहेत. नमुना देखणा आहे, यात शंका नाही. आमच्या यजमानांचे मत मात्र असे की जुन्या फोटो स्टुडिओत महालाच्या पडद्यासमोर उभे राहून फोटो काढत, तसे आपले घर दिसेल.

असे चित्र रोज पाहूनही खरे वाटत राहते, की चार दिवसांत त्याचा भास ओसरतो? हाताने रंगवून घेणे बरे, की भिंतभर छापील वॉलपेपर लावणे? मुंबईच्या पावसाळ्यात ते टिकते का? पॅसेजच्या भिंतीवर एमसीबीचा डबा आहे, तो चित्रात लपवता येईल का? शिवाय घरात माझे सासरे आहेत. त्यांचे वय 78 असून एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यांना या चित्राचा त्रास होईल का, ही शंका आमच्या जाऊबाईंनी काढली आणि तेव्हापासून ती माझ्याही मनातून जात नाही.

नेपथ्य

नमस्कार. नाटकांचे पडदे आणि चित्रपटांच्या सेटमागची दृश्ये रंगवण्यात माझी हयात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या चित्रकाराचा नमुना खरा वाटतो, कारण संगणकाने हॉलमधला एक बिंदू निवडून तिथून दिसणारे दृश्य आपल्याला दाखवले आहे. रंगभूमीचेही तसेच असते. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटकांसाठी रंगवलेल्या पडद्यांचा बोलबाला झाला तो त्यांच्या हातातील कसबामुळे, हे खरेच; पण प्रेक्षक खुर्चीत बसून असतो आणि पडद्याजवळ येत नाही, ही सोय त्यांना होती. सिनेमात तर कॅमेरा आपण सांगू तिथेच उभा राहतो. घरात अशी सोय नाही. माणूस दारातून आत येतो, चालतो, बसतो, जेवणाच्या टेबलापाशी वाकतो, आणि त्याच्या डोळ्याबरोबर चित्राचे सारे गणित बदलत जाते.

हे गणित आकड्यांत पाहिल्यास लगेच ध्यानात येईल. आपण समोरच्या भिंतीपासून 12 फुटांवर उभ्या आहात आणि आपले डोळे जमिनीपासून 5 फूट उंचीवर आहेत, असे धरू. भिंतीमागे 4 फूट खोल सज्जा आहे असे भासवायचे असेल, तर सज्ज्याच्या जमिनीची पलीकडची कड भिंतीवर 15 इंचांच्या उंचीवर रंगवावी लागते. (डोळ्यांच्या उंचीला भासवायच्या खोलीने गुणावे आणि भिंतीपर्यंतचे अंतर व ती खोली यांच्या बेरजेने भागावे.) आता आपण पुढे सरकून भिंतीपासून 6 फुटांवर आलात, की तीच कड 24 इंचांवर असायला हवी, आणि पुन्हा 12 फुटांवर जाऊन खुर्चीत बसलात, डोळे साडेतीन फुटांवर आले, की ती साडेदहा इंचांवर हवी. चित्रातली कड मात्र 15 इंचांवरच राहणार. म्हणजे दारातून पाहताना सपाट दिसणारी सज्ज्याची फरशी बसल्यावर चढावर गेल्यासारखी दिसेल आणि जवळ गेल्यावर आखडल्यासारखी. आपल्या यजमानांनी स्टुडिओच्या पडद्याची आठवण काढली ती अगदी योग्य आहे. त्या पडद्यांनाही कॅमेऱ्याची जागा सोडून इतर कुठूनही पाहिले की हाच दोष दिसत असे.

समुद्राची अडचण वेगळी आहे. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. 5 फुटांवर रंगवलेला समुद्र उभ्या माणसाला ठीक वाटतो, पण सोफ्यावर बसलेल्याला तो डोक्याच्या वर भरलेला दिसतो. त्यातून प्रकाशाचा प्रश्न आहे. खऱ्या खिडकीतून आकाशाचा उजेड आत येतो, तर रंगवलेले आकाश खोलीतलाच उजेड परत देते. एकाच हॉलमध्ये खरी खिडकी आणि रंगवलेले आकाश शेजारीशेजारी असले, तर दुपारच्या वेळी चित्र हमखास मळकट दिसते.

आता याच हिशेबाने 4 इंच खोलीचा कोनाडा पाहा. त्याचा तळ डोळ्यांच्या पातळीच्या 1 फूट खाली असेल, तर 12 फुटांवरून पाहताना तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा सुमारे एक तृतीयांश इंच वर दिसते आणि 6 फुटांवरून सुमारे दोन तृतीयांश इंच वर. फरक काय तो एक तृतीयांश इंचाचा, आणि तेवढा डोळा सहज खपवून घेतो. दोन डोळ्यांना मिळणाऱ्या प्रतिमांमधला फरकही अशा उथळ वस्तूंच्या बाबतीत हॉलच्या अंतरावरून फारसा जाणवत नाही. इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथील प्रासादात एका दारावर खुंटीला अडकवलेले व्हायोलिन रंगवलेले आहे. 18व्या शतकातले ते काम अजूनही लोकांना चकवते, आणि त्याचे एक कारण असे की ते वाद्य दारापासून जेमतेम काही इंचच पुढे आल्यासारखे दिसते.

म्हणून माझा सल्ला असा की सज्जा सोडून द्यावा. त्याऐवजी दोन्ही झडपा मिटलेली लाकडी खिडकी, शेजारी एक कोनाडा, त्यात पितळेचे एखादे भांडे, एवढेच खऱ्या मापाने रंगवून घ्यावे. पॅसेजच्या टोकाच्या कमानी तर मुळीच नकोत. तिथे माणूस थेट चित्राच्या दिशेने चालत जातो आणि प्रत्येक पावलागणिक त्या कमानी चपट्या होत जातात.

चित्रेतिहास

नेपथ्य यांच्या गणिताशी मी सहमत आहे, त्यांच्या निष्कर्षाशी मात्र पूर्णपणे नाही. दूरचे दृश्य घरात चालतच नाही, असे इतिहास सांगत नाही. कोणत्या प्रकारचे दूरचे दृश्य चालते, एवढाच प्रश्न आहे.

नेपथ्य म्हणतात त्या अडचणीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रोममध्ये आहे. आंद्रेआ पोझ्झो या जेझुइट चित्रकाराने सेंट इग्नेशियसच्या चर्चमध्ये 1685 साली सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवला आणि पुढे 1694पर्यंत मुख्य दालनाच्या छतावर खांब, कमानी आणि त्यांच्यावर उघडलेले आकाश चितारले. जमिनीवर संगमरवराची एक चकती बसवलेली आहे. तिच्यावर उभे राहून पाहिले की भिंती जिथे संपतात तिथून रंगवलेले खांब सरळ वर चढतात. चकती सोडून बाजूला गेले की तेच खांब कलंडलेले दिसतात. चर्चमध्ये एवढे चालते, कारण भाविक थोडा वेळ येतो आणि जातो. आपल्या हॉलमध्ये चकती बसवून पाहुण्यांना तिच्यावर उभे करणे कितपत शोभेल, हे आपणच ठरवावे!

याच रोमजवळ, पोझ्झोच्या सुमारे सतराशे वर्षे आधी, सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या प्रीमा पोर्ता येथील वाड्यात जमिनीखाली अर्धे गाडलेले, खिडक्या नसलेले एक दालन होते. त्याच्या चारही भिंतींवर बाग रंगवलेली होती: पुढे ठेंगणे कुंपण, मागे एक बुटकी भिंत, तिच्यापलीकडे डाळिंबे, इतर फळझाडे, पक्षी आणि मागे विरळ होत जाणारी निळसर झाडी. ही चित्रे भिंतींवरून उतरवून आता रोममधील पालाझ्झो मास्सिमो या संग्रहालयात ठेवलेली आहेत. या बागेची गंमत अशी की खोलीत कुठेही बसले तरी ती बिघडत नाही. कुंपणाच्या आणि भिंतीच्या रेषा मुख्यतः चित्राच्या पृष्ठभागाला समांतर धावतात, म्हणून त्यांना एका बिंदूकडे धाव घेण्याचे कारण पडत नाही. उरलेली सगळी पाने, फांद्या आणि फळे. पान डाव्या अंगाला दोन अंश कलले काय किंवा उजव्या, कोणाच्याही लक्षात येत नाही. खोलपणाचा भास इथे रेषांवर उभा नाही. जवळची पाने ठळक, दूरची फिकट आणि धूसर, एवढ्यावरच तो तोललेला आहे.

आपल्याकडची परंपराही याच बाजूची आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात वर्तनेचे, म्हणजे छटांनी उठाव आणण्याचे, पत्रज, ऐरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. अजिंठ्यातील आकृती भिंतीतून पुढे आल्यासारख्या वाटतात, त्या या छटांमुळे. आणि पहिल्या व दुसऱ्या लेण्याचे छत पाहताना कापडी चांदवा ताणून बांधल्याचा भास होतो, त्याला बघणाऱ्याने अमुक ठिकाणीच उभे राहावे अशी अट नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872पासून 1885पर्यंत या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

म्हणून माझी सूचना: खांब वगळा, फरशी वगळा, समुद्रही वगळा. गुडघ्याच्या वर एक साधा लाकडी कठडा भिंतीला समांतर ठेवून त्याच्यामागे जवळची, दाट झाडी घ्यावी. माड हवेच असतील, तर शेंड्यांसकट रांग न दाखवता एखाद-दुसरा बुंधा आणि खाली केळी, कर्दळ, अळू अशी हिरवळ. आकाश जेवढे कमी, तेवढे नेपथ्य यांनी सांगितलेले मळकटपणही कमी.

जाता जाता एक गोष्ट. जागेची टंचाई हे या कलेला नवे निमित्त नाही. मिलानमध्ये सान सातिरोच्या चर्चमागून रस्ता जात असल्याने वेदीमागे खोल दालन बांधायला जागाच नव्हती. तेव्हा ब्रामान्ते या वास्तुकाराने 15व्या शतकाच्या अखेरीस एक मीटरपेक्षाही कमी जागेत उठावकाम आणि रंग यांच्या साहाय्याने लांबलचक दालनाचा भास उभा केला. बाजूला जाऊन पाहिले तर तो उघडा पडतो, हे मात्र नेपथ्य यांच्या बाजूने नोंदवतो.

पागोळी

मी स्थापत्य अभियंता आहे आणि मला या चर्चेत एकच वाक्य महत्त्वाचे वाटले: "जिच्यामागे आमचेच न्हाणीघर आहे." खिडकी काढावी की बाग, हा वाद त्यानंतरचा.

न्हाणीघराच्या टाइल्सच्या सांध्यांतून आणि नळजोडणीच्या भोकांतून पाणी गिलाव्यात झिरपते, सिमेंट-विटांतले क्षार विरघळवून बरोबर आणते आणि हॉलच्या बाजूला हवा लागली की पाणी उडून जाऊन क्षार मागे राहतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. पांढरी भुकटी आधी रंगाच्या थराखाली साठते, मग रंगाला फुगवते, आणि पोपडे निघू लागतात. साध्या भिंतीवर हे झाले तर खरवडून पुन्हा लांबी (पुट्टी) भरता येते. चित्राच्या मधोमध झाले तर तेवढाच तुकडा पूर्वीच्या छटेत जुळवणे मोठ्या चित्रकारालाही जड जाते.

म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एक चाचणी करावी. सुमारे फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घेऊन चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला हवाबंद चिकटवाव्यात आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव जमले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे. न्हाणीघराचा वापर नेहमीसारखा चालू ठेवून ही चाचणी जमिनीलगत, मध्यावर आणि नळाच्या पाठीमागच्या जागी, अशी वेगवेगळ्या ठिकाणी करावी. शक्य असेल तर ती ऐन पावसाळ्यात करावी आणि चित्राचे काम दिवाळीनंतर काढावे. ओल आढळली तर उपाय न्हाणीघराच्या बाजूने व्हायला हवा. हॉलच्या बाजूने जलरोधक रंगाचे कितीही हात मारले, तरी पाणी दुसरी वाट शोधते.

छापील वॉलपेपरबद्दल: व्हायनिलचा कागद भिंतीची वाफ कोंडून ठेवतो. मागे ओल असेल तर कागदाच्या पाठीला काळी बुरशी धरते आणि ती दिसेपर्यंत सांधे सुटू लागलेले असतात. कोरड्या भिंतीवर तो चालेल, पण छायाचित्र मोठे करून छापलेले असेल तर क्षितिज कॅमेऱ्याच्या उंचीवर असणार, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर नव्हे. नेपथ्य यांचा आक्षेप तिथेही लागू होतोच.

माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे चित्र थेट भिंतीवर काढूच नये. भिंतीपासून इंचभर फट ठेवून फायबर सिमेंटच्या बोर्डाची चौकट उभारावी, फटीत हवा खेळण्यासाठी वर आणि खाली वाट ठेवावी आणि बोर्डावर चित्र काढावे, किंवा कॅनव्हासवर काढून तो बोर्डावर चिकटवावा. पोझ्झोने आपला घुमट कॅनव्हासवर रंगवल्याचे वर आलेच आहे. पुढे घर बदलले तर चित्र बरोबर नेता येते, आणि मुंबईत कोणत्या इमारतीचा पुनर्विकास कधी निघेल याचा भरवसा नाही.

एमसीबीचा डबा चित्रात लपवणे मला मान्य नाही. रात्री स्फोटासारखा आवाज होऊन वीज गेली, तर घरात आलेल्या परक्या माणसालाही तो हाताला लागला पाहिजे. डब्याच्या झाकणाला भिंतीतल्या छोट्या फडताळाच्या दाराचे रूप देण्याला माझी हरकत नाही, कारण ते खरोखरच उघडते. मात्र झाकणावर काही चिकटवू नये, त्याच्या फटी बुजवू नयेत, आणि ते सहज ओळखू यावे. दाराबाहेरचा सोसायटीचा पॅसेज आणि अग्निशमनाची पेटी यांना तर हातही लावू नये.

शुश्रूषा

ताई, आपल्या जाऊबाईंची शंका रास्त आहे. ज्येष्ठांच्या पुनर्वसनाचे काम करते, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते.

मोतीबिंदूमुळे उजेड-अंधारातला फरक पुसट होतो आणि समोरून येणारा झोत डोळ्यांत पसरतो. एकाच डोळ्याने चांगले दिसत असेल तर जवळच्या वस्तूंची खोली जोखणेही अवघड होते, आणि अशा माणसाचा डोळा सावल्या व कडा यांच्यावरच अधिक विसंबतो. भासचित्र नेमके याच खुणांची नक्कल करते. म्हणून ज्या वाटेने सासरे ये-जा करतात तिथे रंगवलेली पायरी, उघडे दार, कमान किंवा जमीन पुढे चालू असल्याचा भास, यांपैकी काहीही नको. भिंतीचा खालचा दोन-अडीच फुटांचा पट्टा एकरंगी ठेवा. भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, हे रात्रीच्या मंद उजेडातही स्पष्ट दिसले पाहिजे. आधारासाठी हात पुढे केला आणि हाताला कठडा लागेल असे वाटले, पण तिथे नुसता रंग असला, तर तोल जातो. त्यामुळे वर सुचवलेला चित्रातला लाकडी कठडाही मला पटत नाही. पॅसेजमध्ये चित्राऐवजी खरा आधारदांडा आणि चांगला दिवा लावा.

विसराळूपणा वाढलेल्या रुग्णांच्या काही निवासांत बाहेर जाण्याचे दार पुस्तकांच्या कपाटासारखे रंगवतात, जेणेकरून रुग्ण एकटा बाहेर पडणार नाही. चित्राचा परिणाम किती खोल होऊ शकतो, हे यावरून कळेल. आपल्या घरी तशी गरज नाही, तेव्हा सासऱ्यांना नमुना आधीच दाखवा, शक्यतो खऱ्या मापाचा कागद भिंतीला लावून, आणि त्यांना काय दिसते ते विचारा.

लालबागकर

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांनी सर्व उत्तरे वाचली आणि सज्ज्याचा विषय एकदाचा संपल्याबद्दल त्यांनी चहा केला.

प्लास्टिकचे तुकडे चिकटवले होते. मधल्या आणि जमिनीलगतच्या तुकड्यांवर काही आले नाही, मात्र शॉवरच्या नळामागच्या जागी आतून दव जमले, त्यामुळे आधी न्हाणीघराचे काम काढत आहोत. त्यानंतर बोर्डावर चित्र करायचे ठरते आहे. कठड्याबद्दलचा आक्षेप ऐकून बागेचा विचारही मागे पडला, मामंजींना विचारले तर ते म्हणाले, "खिडकी काढा, पण ती उघडी ठेवू नका, उगाच पाऊस आत येईल." तेव्हा मिटलेली खिडकी आणि बाजूला कोनाडा, हे पक्के. पॅसेजमध्ये फक्त दिवा आणि आधारदांडा.

नेपथ्य यांना आणखी एक विचारायचे आहे. खरी खिडकी डाव्या भिंतीत आहे, पण रात्री ट्यूबलाइट मुख्य दाराच्या वर लागते, म्हणजे उजेड समोरून येतो. सावल्या कोणत्या उजेडाच्या धरायच्या?

नेपथ्य

खिडकीच्याच धरा. दिवसा खरा उजेड आणि चित्रातला उजेड एकाच बाजूने आला की भास पक्का होतो. रात्री ट्यूबलाइटऐवजी त्या खिडकीच्या बाजूला, भिंतीवर उंचावर, एक मंद पिवळा दिवा लावलात तर तेव्हाही निभावेल. समोरून पडणारा उजेड चित्राला सपाट करतो.

सावल्यांच्या बाबतीत चित्रकाराकडून एक गोष्ट आधीच कागदावर रंगवून घ्या, कारण कसलेल्या हातांचीही इथे गफलत होते. उजेड डावीकडून येत असताना भिंतीच्या पुढे आलेल्या वस्तूची सावली उजवीकडे पडते: खिडकीच्या चौकटीची, बिजागरीची, कडीची. पण भिंतीच्या आत गेलेल्या कोनाड्यात हे उलट होते. त्याची डावी आतली बाजू अंधारात जाते, उजवी उजळते, आणि डाव्या कडेची सावली मागच्या भिंतीवर तिरकी पडते. चौकट आणि कोनाडा शेजारीशेजारी असताना दोन्हीकडे एकाच बाजूला काळोखी भरली, तर दोन्ही एक तर पुढे आल्यासारखे दिसतात किंवा दोन्ही खोल गेल्यासारखे, आणि पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही.

सावलीला काळा रंग नको. भिंतीचा जो रंग आहे तोच पातळ करून त्यात उंबर हा मातकट तपकिरी रंग आणि किंचित निळा मिसळावा आणि एकावर एक पारदर्शक हात द्यावेत, म्हणजे खालच्या भिंतीचा रंग सावलीतूनही दिसत राहील. वस्तू भिंतीला जिथे टेकते तिथे सावलीची कड धारदार हवी. वस्तूपासून दूर जाताना ती मऊ व्हायला हवी. खिडकीची कडी लोंबती दाखवणार असाल, तर तिच्या वरच्या टोकाची सावली चिकटलेली आणि खालच्या टोकाची जरा सुटलेली, पुसट अशी काढायला सांगा. एवढ्या एका कडीवर चित्रकाराची परीक्षा होते.

वरून रोगण मॅट हवे. चकाकी असली की ट्यूबलाइटचे प्रतिबिंब झडपांवरून आडवे जाते आणि लाकूड, चौकट, कोनाडा सारे एकाच सपाट बोर्डावर असल्याचे उघड होते. खिडकीच्या उभ्या रेषांसाठी बोर्डाची कड प्रमाण धरू नये. ओळंबा सोडून सुताने रेघ मारून घ्यावी. नव्या इमारतींच्या भिंतीही काटकोनात असतातच असे नाही, आणि चौकट अर्धा इंच कलली तरी शेजारच्या खऱ्या दाराशी तिची तुलना होऊन ती लगेच डोळ्यांत भरते. मापही त्याच दारावरून घ्यावे: झडपांची रुंदी, फळीची जाडी, बिजागरीची उंची, सगळे खऱ्याइतके.

पागोळी यांनी सुचवलेल्या बोर्डाची कड मात्र दिसता कामा नये. बोर्ड भिंतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, पूर्ण 10 फूट, लावून घ्या आणि हवेची वाट खाली स्कर्टिंगमध्ये आणि वर छतालगतच्या पट्टीत काढा. मधेच थांबलेला बोर्ड एका अंगाने पाहिला की त्याची जाडी दिसते, आणि मग खिडकी बोर्डावर रंगवली आहे हे दारातच कळून चुकते.